बायका कुठल्या जहाजातून आल्या

मी तोंडाला साबण लावून बसले होते आणि दाराबाहेरून आवाज आला, "होडी?"

"करीबू," मी डोळे मिटूनच म्हटलं. नको म्हणायची सोयच नव्हती.

पेंबेनीत पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या बायकांना नावेशिवाय दुसरं काही सुचत नाही की काय. पण होडी म्हणजे 'येऊ का', आणि करीबू म्हणजे 'या'. केनियाच्या उत्तरेला समुद्रात हे एवढंसं बेट. बाहत्तर साली मी तिथल्या शाळेत गणित शिकवायला गेले, आणि राहायला जी खोली घेतली ती खोली नव्हतीच, वाट होती. गल्लीच्या डोक्यावरून या घरापासून समोरच्या घरापर्यंत पुलासारखी बांधलेली. खालून गाढवं आणि पुरुष जायचे, वर माझी खाट. तिथल्या खानदानी घरच्या बायका गल्लीत उतरत नसत. गच्च्यांवरून आणि असल्या पुलांवरून त्या अख्खं गाव फिरायच्या, म्हणजे माझ्या खोलीतून. कुणी वाटीभर मीठ घेऊन, कुणी रडकं पोर घेऊन, कुणी उगाच. भाडं ठरवताना घरमालकिणीने हे सांगितलं नव्हतं. मी भांडायला गेले तर म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

ती घरमालकीणच आत आली होती. बी तुमू. बी म्हणजे बाई. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कपाळावर कायम एक आठी. ती माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "अथुमानीने नाही म्हटलं."

मी साबण धुतला. "का?"

"रुकियाच्या बापाला जहाज नाही म्हणून."

रुकिया तिची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न पलीकडच्या गावातल्या सालिमशी ठरलं होतं. त्या किनाऱ्यावरची रीत अशी, की घर मुलीचं. बाप लेकीसाठी बांधतो, नाहीतर आई आपलं देते, आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. पण सालिमच्या बापाने एक अट घातली होती. लग्नाच्या दिवशी बेटावरचा सिवा वाजला तर मुलगा रीतीप्रमाणे तुमच्याकडे येईल. नाही वाजला तर मुलगी आमच्याकडे येईल आणि आमच्या सुनांत शेवटच्या पाटावर बसेल.

सिवा म्हणजे पितळेचं भलंमोठं शिंग. उभं केलं तर माझ्या छातीपर्यंत यायचं. ते फक्त गावच्या मूळ घराण्यांच्या लग्नात फुंकायचे, आणि ते अथुमानीच्या ताब्यात असायचं. सगळे त्याला मझे म्हणायचे, म्हणजे वडीलधारा. शिंग मागायला जो जाईल त्याने मुलीच्या बापापासून वर एकेक नाव सांगत जायचं, थेट इराणातल्या शिराझहून जहाजाने आलेल्या मूळपुरुषापर्यंत. रुकियाचा बाप कोंबो. तो बेटासमोरच्या मुलखातला, गुरं राखणाऱ्यांपैकी. बी तुमूने हट्टाने त्याच्याशी लग्न केलं होतं. तो वारला होता, पण गावाने त्याला माफ केलेलं नव्हतं.

"मी तिच्यासाठी भिंतींना चुना काढलाय," बी तुमू म्हणाली. "माझ्या आईने मला याच खोल्या दिल्या, तिच्या आईने तिला. माझी मुलगी दुसऱ्याच्या घरी पाणी भरायला जाणार नाही."

"मग आता?"

"संध्याकाळी पुरुष ओट्यावर बसतील. मला तिथे जाता येत नाही. तुला येतं. त्यांच्या पोरांना शिकवतेस, परकी आहेस, तुला कुणी काही म्हणणार नाही. माझा एक प्रश्न तेवढा नेऊन टाक."

मला हे नको होतं. माझ्याच डोक्याला काय कमी ताप होता? डिसेंबरात मी ठाण्याला परतणार होते. फाटक नावाच्या माणसाशी माझं लग्न ठरलं होतं, त्याला मी दोनदा पाहिलं होतं. माणूस बरा वाटला होता. पण सासूबाईंनी आधीच कळवलं होतं की हेमलता नाव जरा लांबलचक आहे, आम्ही वैशाली ठेवणार. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. फळ्यावर गणित लिहिताना मधेच थांबायचे. रात्री कूस बदलून बदलून खाट करकरायची. मला नाव बदलायचं नव्हतं, आणि ते कुणाला कसं सांगायचं हे कळत नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांचीच बदलतात. रडायचं काय त्यात?

"काय प्रश्न आहे?" मी विचारलं.

तिने सांगितला. मला हसूच आलं. ती हसली नाही.

*

ओटा मशिदीसमोर होता, दगडी, बसून बसून गुळगुळीत झालेला. पाच-सहा म्हातारे कॉफी पीत बसले होते. अथुमानी मधे. पांढरा झगा, भरतकामाची टोपी, आवाज शांत. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगते. मला ताप आला होता तेव्हा त्याने स्वतः शहाळी पाठवली होती.

"ये, म्वालिमू," तो म्हणाला. म्वालिमू म्हणजे मास्तरीण. "मुलांनी काही केलं का?"

"नाही. बी तुमूचा निरोप आहे."

सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"तिला उत्तर दिलंय," अथुमानी म्हणाला. "मी अथुमानी, शालीचा मुलगा. शाली ओमारीचा, ओमारी बकारीचा..." तो सांगत गेला, न अडखळता, डोळे अर्धे मिटून. मला एकदम बाबा आठवले. गुहागरच्या आमच्या ओसरीवर ते असेच डोळे मिटून बर्व्यांच्या अकरा पिढ्या सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, आपले मूळपुरुष समुद्रातून आले, गलबत फुटलं आणि या किनाऱ्याला लागलं. "...आणि तो अलीचा, जो शिराझहून आला. सात भाऊ, सात जहाजं. त्यातलं एक इथे थांबलं. कोंबोचं जहाज कुठलं, एवढंच आम्ही विचारलं. तिला सांगता आलं नाही."

"तिला एक विचारायचंय," मी म्हटलं.

"विचार."

"सात जहाजांतून सात भाऊ आले. त्यांच्या बायका कुठल्या जहाजातून आल्या?"

एक म्हातारा खुदकन हसला. अथुमानीही हसला, पण प्रश्न साधा म्हणून त्याने साधं उत्तर दिलं. "जहाजातून बायका कुठून येणार? त्या इथल्याच. या बेटाच्या सरदाराने मुलगी दिली. आमच्या पूर्वजाने बेटाभोवती गुंडाळता येईल एवढं कापड दिलं. पोराटोरांनाही ही गोष्ट माहीत आहे."

"म्हणजे तीही जहाजातून आलेली नव्हती. कोंबोसारखी."

"ती बाई होती. बाई कुठलीही असो. नाव बापाचं चालतं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "असं कसं मझे? पोरं काय एकट्या बापाने काढली का? वाढवली कुणी?" आवाज चढला होता. पुरुषांच्या ओट्यावर असा आवाज त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला.

अथुमानी रागावला नाही. त्याने मला कॉफीचा कप दिला आणि विचारलं, "मुली, तुमच्याकडे कुणाचं नाव चालतं?"

"बापाचं," मी म्हटलं. "लग्नानंतर नवऱ्याचं."

"नवऱ्याचं? बाई आपल्या बापाचं नाव सोडते?"

"हो. आणि स्वतःचंही बदलतात. लग्नात."

"स्वतःचंही म्हणजे?"

"म्हणजे आज हेमलता असेल तर उद्या वैशाली."

 अथुमानीच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "माझी बायको झेना," तो म्हणाला, "चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे. ती झेना होती, झेना आहे. कबरीवरही तिच्या बापाचंच नाव येईल. आणि तू मला विचारायला आलीस?"

 मी कॉफी तशीच ठेवली आणि घरी आले. कान गरम झाले होते. ज्या पायऱ्या चढताना रोज धाप लागायची त्या कधी संपल्या कळलंही नाही.

*

बी तुमू नारळ खवत होती. त्यांची खवणी आमच्या कोकणातल्यासारखीच, बसायला पाट आणि पुढे पातं, फक्त पाट घडीचा. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, माझी फजितीसुद्धा.

तिने माझ्या फजितीकडे लक्षच दिलं नाही. "तो म्हणाला, त्या इथल्याच? सगळ्यांदेखत?"

"म्हणाला. पण नाही म्हणाला ना शिंगाला."

"तेवढंच हवं होतं मला." तिने खवलेला नारळ पिळायला घेतला. "तुला आमची भाषा इतक्या लवकर कशी आली गं?"

खरं तर अर्धी मला आधीच येत होती. दुकानाला ते दुका म्हणतात, हिशेबाला हेसाबू, वकिलाला वकिली. सफर आहे, कलम आहे, दफ्तर आहे, चहाला चाई आहे. हे सगळं मी तिला पूर्वी गमतीने सांगितलं होतं.

"ते शब्द व्यापाराचे," ती म्हणाली. "जहाजातून उतरले ते. तुमच्याकडेही उतरले असतील. पण दुसरी अर्धी तुला कुणी शिकवली? पाणी, विस्तव, मूल, रडू नको, झोप?"

"तुम्ही. इथेच बसून."

"तीच अर्धी आधीची. अलीला शिराझमध्ये ती येत नव्हती. त्याच्या पोरांना आली. कुणी शिकवली?" तिने हात पुसले, डोक्यावरून कापड ओढलं आणि माझ्या खोलीच्या दुसऱ्या दाराशी जाऊन समोरच्या घरात आवाज दिला, "होडी?"

त्या दिवसापासून माझ्या खोलीला कुलूप लावायची सोय राहिली नाही. बायका येत होत्या, जात होत्या, मीठ नाही, पोर नाही, रिकाम्या हाताने. पलीकडच्या दारात पोचल्या की हळू आवाजात तोच प्रश्न. त्या कुठल्या जहाजातून आल्या? काही हसायच्या. एक म्हातारी माझ्या खाटेवर बसून राहिली आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. रुकिया कोपऱ्यात मेंदीचा वाडगा घेऊन बसायची आणि मला विचारायची, "म्वालिमू, होईल ना?" मी म्हणायचे, "होईल." मला काय माहीत? मीच येरझाऱ्या घालत होते, खोलीत तेवढी जागा उरली तर.

*

गुरुवारी अथुमानीच्या नातीचं लग्न होतं. रुकियाचं रविवारी.

सिवा वाजला की वरच्या खिडक्यांतून बायकांनी जीभ हलवत लांब, थरथरती ललकारी द्यायची, ही तिथली रीत. शिंगाने विचारायचं आणि बायकांनी हो म्हणायचं. ती ललकारी आली नाही तर शिंग वाजलं असं कुणी धरत नाही. असं कधी झालेलं नव्हतं, म्हणून याचा कुणी विचारही केलेला नव्हता.

वरात माझ्या खोलीखाली आली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या जाळीला बायका चिकटून उभ्या होत्या, रुकिया माझा हात धरून. खाली अथुमानी नव्या झग्यात, शेजारी शिंग फुंकणारा. हे शिंग आपल्या तुतारीसारखं टोकाला फुंकत नाहीत. त्याला कुशीत भोक असतं, आडवं धरून फुंकायचं. त्याने छाती भरून फुंकलं. असला जाड आवाज, की माझ्या पायाखालची फळी हलली.

वरून काही आलं नाही.

खालचे पुरुष हसत वर बघायला लागले. त्याने पुन्हा फुंकलं. बायका जाळीमागे उभ्या होत्या, काहींनी तोंडावर हात धरले होते. माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. आत नवरी वाट पाहत बसली असणार, तिचा काय दोष? मला वाटलं आता कुणीतरी फुटेल. रुकियाने माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

तिसऱ्यांदा फुंकायला त्याने शिंग उचललं तेव्हा अथुमानीने त्याचा हात धरला आणि वर पाहिलं. "तुमू," तो म्हणाला, "माझ्या नातीच्या लग्नात हे?"

उत्तर बी तुमूने दिलं नाही. समोरच्या खिडकीतून आलं. अथुमानीच्या स्वतःच्या घराच्या. त्याची बायको, बी झेना. गल्लीने तिचा आवाज यापूर्वी ऐकला नसेल.

"अथुमानी, आईचं नाव सांग."

"झेना, आत जा."

"सांग. मग तिच्या आईचं."

 त्याने दोन नावं सांगितली. "पुढे?" ती म्हणाली.  अथुमानी टोपी सारखी करत राहिला. शेवटी म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"मला आहे. तुझी पणजी आणि माझी पणजी सख्ख्या बहिणी." आणि ती सांगायला लागली. झेना, तिची आई म्वानामीझे, तिची आई माहाझी, तिची आई... ती अडखळली नाही. घर आईकडून लेकीकडे जातं, मग घर कुणाचं कुणाला मिळालं हे त्या घरातल्या लेकीला माहीत असणारच. मी कशी इतकी बावळट, मला हे सुचलंच नव्हतं. नावं वर वर जात राहिली आणि अथुमानीच्या अलीलाही मागे टाकून गेली. "...आणि तिची आई मेजूमा. ती गुरांमागून आली, समोरच्या मुलखातून, तेव्हा इथे दगडाचं एकही घर नव्हतं. मातीचं होतं. त्याच्यावर हे बांधलंय, ज्यात तू जेवतोस. आणि हे शिंग. जहाजातून आलेला माणूस शिंग आडवं फुंकायला कुठे शिकला? कोंबो बैलाचं शिंग कसं फुंकायचा, आठवतं का?"

अथुमानी आपल्या दाराजवळच्या ओट्यावर बसला. सगळ्यांसमोर, वरात थांबवून. बराच वेळ तो शिंगाच्या कुशीतल्या त्या भोकाकडे पाहत होता. त्याच्या वडिलांनी ते शिंग त्याच्या हातात दिलं होतं, आणि हे त्याने आजवर कधी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. पण पाहणं वेगळं, कळणं वेगळं.

"तुमू," तो म्हणाला.

"इथे आहे," बी तुमू माझ्या जाळीतून म्हणाली.

"रविवारी शिंग तुझ्या दारी येईल. आता माझ्या नातीला हो म्हणा."

 बी तुमू खाली वाकून जाळीतून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मला भीती वाटली की ही बाई आता ताणते की काय. मग तिने मान मागे टाकली आणि आवाज काढला. क्षणात खोलीतल्या सगळ्याजणी. माझ्या दोन्ही कानांत एकदम. मला ते जमत नाही, मी नुसतीच ओरडले. रुकिया ओक्साबोक्शी रडत होती आणि मधेमधे हसत होती.

रविवारी शिंग आलं. अथुमानी स्वतः घेऊन आला. त्याने बापांची नावं विचारली नाहीत. बी तुमूने आयांची सांगितली, तो ऐकत उभा राहिला. सालिम रीतीप्रमाणे आपली पेटी घेऊन रुकियाच्या घरी राहायला आला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीतून जाताना तोही "होडी" म्हणायला लागला. त्याला मात्र मी सक्त मनाई केली.

*

डिसेंबरात ठाण्याच्या कार्यालयात मी पाटावर बसले होते. समोर तामणात तांदूळ पसरलेले. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना सांगायचं, पेढे वाटायचे. भटजी घाई करत होते. फाटकांनी अंगठी धरली आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "वैशाली ना?"

तीन महिने मी हे कसं बोलायचं याची तालीम करत होते. बोटीवर, गाडीत, न्हाणीघरात. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"थांबा," मी म्हटलं. "मला हेमलताच राहायचंय. तांदळात काही लिहायचंच असेल तर माझ्या आईचं नाव लिहा."

सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" भटजींनी घड्याळ पाहिलं. फाटकांनी मात्र माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "उमा ना त्यांचं?"

"ते बाबांनी ठेवलेलं. त्याआधीचं."

फाटकांनी बाबांकडे पाहिलं. अकरा पिढ्या तोंडपाठ असलेले माझे बाबा.  त्यांनी काकाकडे पाहिलं. काकाने आत्याकडे. बाबा म्हणाले, "आता... बत्तीस वर्षं झाली. काहीतरी होतं खरं."

मला कुणावर चिडावं कळेना. मलाही कुठे माहीत होतं? मी कधी विचारलंच नव्हतं.

"ठकू," मागून आवाज आला.

आई खांबाशी उभी होती, हातात ओटीचं ताट. तिने ते कुणाच्या तरी हातात दिलं आणि पुढे आली. "ठकू दामोदर लिमये," ती म्हणाली. "मुरुडची." बोलताना ती लाजली.

फाटकांनी तांदूळ हाताने सारखे केले आणि अंगठीने सावकाश लिहिलं. आई वाकली, चष्मा नव्हता म्हणून अगदी जवळून तिने ते वाचलं. पुढच्या विधीसाठी भटजी तामण उचलायला गेले, तर तिने दिलं नाही. ते मांडीवर घेऊन ती पाटाजवळ बसली, आणि सगळे विधी आटोपेपर्यंत तांदूळ हलू नयेत म्हणून दोन्ही हातांनी ते धरून राहिली.